क्रूसापाशी थांबलेली बाई

“हे टोक धरा... असं नाही, दोन्ही हातांनी. आणि वाऱ्याकडे पाठ करा.”

उन्नती मेस्त्रीने आयुष्यात कधी ताडपत्री धरली नव्हती. दिवाळी होऊन गेली होती, आभाळात पावसाचं काही काम नव्हतं. तरीही पाचूबंदरच्या किनाऱ्यावर अवचित सर आली आणि बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील वाचवायला अख्खी आळी धावली. ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन सगळे पळत होते. उन्नती तेवढी किनाऱ्यावरच्या क्रूसासमोर उभी होती, हातातलं एक जुनं छायाचित्र समोरच्या देखाव्याशी ताडून बघत. तू कोण, कुठली, असं कोणी विचारलं नाही. धडधाकट माणूस नुसता उभा दिसला, तेवढं त्यांना पुरे होतं. छायाचित्र तिने घाईघाईने पिशवीत कोंबलं आणि टोक धरलं.

दुसऱ्या टोकाला एक उंच, सावळा तरुण होता. केसांतून पाणी ओघळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि एवढ्या धांदलीतही तो तिच्याकडे बघून हसत होता.

“सर्व्हेला आलात?” त्याने विचारलं.

“कसला सर्व्हे?”

“हातात फोटो, बारीक डोळे, एकदा समुद्राकडे बघायचं, एकदा जमिनीकडे... अशी माणसं येऊन गेली की इथं पाटी लागते. सी-व्ह्यू, टू बीएचके.”

“मी सिनेमावाली आहे.”

“नटी?”

“नाही हो. सिनेमाचा अभ्यास करते.”

“म्हणजे बघता.”

“म्हणजे बघते,” ती म्हणाली. “पुन्हा पुन्हा.”

सर आली तशी गेली. ताडपत्रीखालचे बोंबील कोरडे राहिले आणि ताडपत्री धरणारे दोघं नखशिखांत भिजले. त्या तरुणाची आई, मार्गारेट, एक पंचा घेऊन आली. तो लेकाला न देता तिने उन्नतीच्या खांद्यावर टाकला. “कोन गो तू? बोंबील खातीस, का नुसती राखन करतीस?”

उन्नतीने सांगितलं, घर जूचंद्रला, पण मूळ गाव मालवणजवळ. मार्गारेटचा चेहरा उजळला. मासे खाणारी मुलगी म्हटल्यावर पुढची चौकशी करण्याची तिला गरज वाटली नाही. चहा आला. चहाबरोबर त्या तरुणाचं नावही कळलं... ज्युड.

पडवीत बसून तिने त्याला छायाचित्र दाखवलं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका मूकपटाचा तुकडा एका संग्रहालयात होता, त्यातली ही एक चौकट. तुकडा कोणाचा, कोणी चित्रित केला, आधी काय होतं, नंतर काय... कशाचाच पत्ता नाही. दीड मिनिटभर चालतो आणि तुटतो. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई किनाऱ्याने येते, क्रूसापाशी थांबते, टोपली खाली ठेवते, क्रूसाची खूण करते. मग वळून कोणाकडे तरी बघते. बस.

ज्युडने छायाचित्र बराच वेळ न्याहाळलं. क्रूस त्यांच्यासारखाच होता खरा, पण असे क्रूस कितीतरी. शिवाय त्यांच्या क्रूसासमोर उभं राहिलं की किल्ल्याचा तट उजव्या हाताला येतो आणि पाणी डाव्या. छायाचित्रात तट डावीकडे होता. उन्नतीनेही नेमकं हेच पाहून मघाशी सुस्कारा सोडला होता.

“मग दुसरीकडे बघू,” तो म्हणाला. “रविवारी माझी सुट्टी असते.”

‘बघू’ हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की ती नाही म्हणायची विसरली.

वसईत क्रूसांना तोटा नाही. शेताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, नाक्यावर, समुद्राला तोंड करून... कुठं झेंडूच्या माळा घातलेले, कुठं नुसतेच. पुढच्या रविवारपासून ज्युडची स्कूटर आणि तिच्यावर मागे बसलेली उन्नती अर्नाळ्यापासून कळंबपर्यंत फिरू लागली. एखाद्या क्रूसासमोर स्कूटर थांबायची. ती छायाचित्र हातभर लांब धरायची, डोळा बारीक करायची आणि मान हलवायची. तोवर तो ओळखीच्या कुणाशी तरी बोलायला लागलेला असायचा आणि येताना हातात पेरू नाहीतर शहाळं असायचं.

तो माणिकपूरच्या एका रुग्णालयात एक्स-रे काढायचा. दिवसभर माणसांना एकच सांगतो, म्हणाला, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. अनोळखी माणसं मुकाट ऐकतात, घरी मात्र मांजरसुद्धा ऐकत नाही. ती हसली. हसताना ती मान एका बाजूला झुकवते हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्याच्या लक्षात आलंय हे तिच्या. दोघांनीही तसं दाखवलं नाही.

अख्खे सिनेमे सोडून तुकड्यांच्या मागे का लागलात, असं त्याने एकदा विचारलं. तेव्हा ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. अख्ख्या सिनेमाला सगळे असतात, तुकड्याला कोणी नसतं, असं तिचं म्हणणं. नाव गेलेलं, शेवट गेलेला, कुठल्याच इतिहासात बसत नाही. तरी तो उरतो. कारण कुणीतरी, कुठंतरी, माळ्यावरचा एक गंजका डबा फेकून द्यायचा कंटाळा केलेला असतो. असा डबा उघडताना ती त्या अनोळखी माणसाचे मनात आभार मानते. न चुकता.

“कंटाळ्याचे आभार?” ज्युड म्हणाला.

“कंटाळ्याचेसुद्धा.”

“मग हे माझ्या आईला सांगायला पाहिजे. ती म्हणते माझ्यासारखा कंटाळखोर अख्ख्या पाचूबंदरात नाही.”

पण या सगळ्या भटकंतीच्या तळाशी एक काटा होता, आणि तो उन्नतीने अजून त्याला दाखवला नव्हता.

तो तुकडा मरत होता. जुनी फिल्म अशीच मरते... आधी चिकट होते, मग तिच्यावर बुडबुडे धरतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. संग्रहालयाची समिती लवकरच बसणार होती आणि कोणते तुकडे नीट करून जपायचे ते ठरवणार होती. सगळे घेणं शक्य नव्हतं. हा तुकडा वगळला जाणार हे जवळपास पक्कं होतं, आणि तो वगळण्याचं कारण होता उन्नतीचाच एक लेख.

तो लेख तिने दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. तुकड्यातली बाई क्रूसाची खूण डाव्या हाताने करते, हे तोवर कोणाच्या नजरेला आलं नव्हतं, ते तिने टिपलं होतं. कोणतीही ख्रिस्ती बाई असं करणार नाही. म्हणजे ही भाड्याने आणलेली नटी, किनाराही बहुधा उभा केलेला, आणि म्हणून हा खऱ्या जीवनाचा दस्तऐवज नव्हे, एका हरवलेल्या सामान्य चित्रपटाचा तुकडा... असा तिचा निष्कर्ष. लेखाचं कौतुक झालं. नंतर एकदा तो तुकडा पुन्हा बघताना तिची नजर बाईवरून मागच्या पाण्यावर गेली. तिथं होड्या डुलत होत्या, एका होडीत एक माणूस जाळं झटकत होता आणि कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. हे कोणी उभं केलेलं वाटेना. ती जागा सापडली तर आपलंच म्हणणं खोडून काढता येईल, एवढ्या एका आशेवर ती किनारे धुंडाळत होती.

हे तिने सांगितलं ते कळंबच्या सुरूच्या बनात बसून. खरं तर सांगावं लागलं. ज्युडने तो लेख शोधून काढला होता, रुग्णालयातल्या प्रिंटरवर छापला होता आणि घडी घालून खिशात आणला होता.

“बरोबर लिहिलंय तुम्ही,” तो म्हणाला.

तिला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडायला हवा होता.

“मी डावखुरा आहे,” तो सावकाश म्हणाला. “लिहितो डाव्याने, बॉल टाकतो डाव्याने. पण ही खूण उजव्यानेच. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी हात धरून धरून बसवलंय. आता झोपेतसुद्धा डावा उठणार नाही.” त्याने कागदाची घडी पुन्हा घातली. “ती आमच्यातली असावी असं मला फार वाटत होतं. पण नाही ती.”

समुद्र ओहोटीला लागला होता. वसई रोडला उतरताना ती म्हणाली, आता आणखी क्रूस बघण्यात अर्थ नाही. तो हो म्हणाला. मग दोघं उगाच थोडा वेळ उभे राहिले. रिक्षावाला ‘जूचंद्र, जूचंद्र’ ओरडत होता, शेवटी ती त्यात बसली.

तो आठवडा तिने कसाबसा काढला. समिती बसायला थोडेच दिवस उरले असताना संग्रहालयाचे सुधाकर सर, म्हणजे तिथल्या फिल्म सांभाळणारे, यांनी तिला एक पाकीट पाठवलं. आत त्या चौकटीची मोठी करून काढलेली पारदर्शक प्रत होती. जाणाऱ्या माणसाचा फोटो ठेवतात, तसं काहीसं. ती नीट बघायची तर मागून दिवा हवा. असा दिवा आपल्या ओळखीत कोणाकडे आहे, याचा विचार तिला फार करावा लागला नाही. खिडकीच्या उजेडातही भागलं असतं, हेही तिला ठाऊक होतं.

माणिकपूरच्या रुग्णालयात दुपारची वेळ शांत होती. ज्युड पांढऱ्या कोटात होता. तिला दारात बघून त्याने कोटाची वरची गुंडी आधी उघडली, मग लावली.

“काय दुखतंय?” त्याने विचारलं.

“विचारू नका. तुमच्याकडे ती दिव्याची पेटी असते ना?”

आता सगळे एक्स-रे संगणकावर येतात, पण जुनी पेटी भिंतीवर होती. त्याने बटण दाबलं. पांढरा उजेड लपलपला आणि स्थिरावला. त्याने प्रत वरच्या पट्टीत खोचली आणि सवयीने तिच्या कोपऱ्यांत काहीतरी शोधू लागला.

“काय बघताय?”

“अक्षर. प्रत्येक फिल्मवर आम्ही शिशाचं छोटं अक्षर उमटवतो, उजवं की डावं ते कळायला. छाती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते हो. अक्षर नसेल तर डॉक्टर फिल्म परत पाठवतात.” तो सांगतच होता. “नवीन होतो तेव्हा एकाचं हृदय उजवीकडे दाखवलं होतं मी. पेशंट घाबरला, डॉक्टर खूश झाले, दुर्मिळ केस मिळाली म्हणून. मग कळलं, फिल्म पालथी लावली होती...”

तो बोलता बोलता थांबला.

उन्नतीनेही श्वास घ्यायचा थांबवला होता. तिचा हात पेटीकडे गेला. तिने पट्टीतून प्रत काढली, पालथी केली आणि पुन्हा खोचली.

बाईने हात बदलला.

कपाळाजवळ पोचलेला तो हात आता उजवा होता. टोपली दुसऱ्या बाजूला गेली. तट सरकून उजवीकडे आला, पाणी डावीकडे... आणि ज्या क्रूसाला तिने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं तो क्रूस, ज्या जागी हवा होता त्या जागी उभा राहिला.

“पाचूबंदर,” ज्युड अगदी हळू म्हणाला. “आमचं.”

“मी दोन वर्षं...” फिल्मची प्रत काढताना ती पालथी बसू शकते हे ती वर्गात शिकवत होती. दरवर्षी. पण एकदा ‘नटी’ हा शब्द सापडला आणि तो इतका आवडला की पुढचं काही दिसेनासं झालं. “ज्युड, मी चुकले. साफ चुकले.” आणि असं म्हणताना आपला चेहरा हसू आवरत नाहीये, हे तिला पेटीच्या काचेत दिसलं.

“चुकल्यावर इतकी खूश झालेली बाई मी पहिल्यांदा बघतोय,” तो म्हणाला.

“तू गप्प बस. मला फोन लावू दे.”

‘तू’ कधी आलं ते दोघांपैकी कोणाला कळलं नाही.

सुधाकर सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मूळ फिल्म बघून सांगतो म्हणाले. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चित्र कुठून बघायचं ते त्यावरून कळतं. तोवर थांबण्यावाचून इलाज नव्हता. दोघं खाली रस्त्याच्या कडेच्या टपरीवर चहा घेत उभे राहिले. तिचा चहा निवला, त्याने तो बदलून दिला. फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला... ताडपत्री धरावी तसा.

सर म्हणाले, तिचं बरोबर होतं. फार पूर्वी कोणीतरी प्रत काढताना फिल्म पालथी बसवली होती आणि पुढच्या सगळ्या प्रती त्याच प्रतीवरून निघाल्या होत्या. एक टोक तर आताच गेलंय, सर म्हणाले, पण बाई शाबूत आहे.

त्याच संध्याकाळी तिने समितीला लिहिलं. माझा निष्कर्ष चुकीचा होता, ही बाई नटी आहे असं मानायला कोणताही आधार उरलेला नाही, आणि हा किनारा खरा आहे. सोबत पाचूबंदरच्या आजच्या क्रूसाचा फोटो जोडला. तो ज्युडने सायकलवाल्यांना, कुत्र्यांना आणि दोन मावशांना बाजूला करून काढला होता. समिती बसली आणि तुकडा निवडला गेला. कोणीतरी तिच्या लेखावरून दोन शब्द सुनावलेही. ते तिला अजिबात लागले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन पाचूबंदरला गेली. मार्गारेटच्या पडवीत आळीतल्या बायका जमल्या, कोणी बोंबील उलटवायचं काम अर्ध्यावर टाकून आलेल्या. उन्नतीने आता सुलट केलेला तुकडा लावला. आवाज नव्हताच, त्यामुळे लाटांचा आवाज बाहेरून आला. टोपलीवाली बाई किनाऱ्याने चालत आली. क्रूसापाशी थांबली. टोपली खाली ठेवली. तिचा उजवा हात कपाळाकडे गेला... आणि पडवीतल्या प्रत्येक बाईचा हात कपाळाकडे गेला. कोणी ठरवलं नव्हतं. तिच्याबरोबर सगळ्यांची खूण पुरी झाली, मग ती वळली आणि तुकडा संपला.

मग मार्गारेट म्हणाली, “परत लाव गो.”

उन्नतीने परत लावला. मग आणखी एकदा. तिने आजवर अनोळखी माणसांचे मनातल्या मनात कितीदा आभार मानले होते. आज पहिल्यांदाच ते सगळे समोर बसले आहेत असं तिला वाटलं.

बायका पांगल्या. मार्गारेट आत कालवण बघायला गेली. ज्युड पडवीच्या पायरीवर बसला होता, सगळा वेळ गप्प.

“काय झालं?” तिने शेजारी बसत विचारलं.

“काही नाही.” तो समुद्राकडे बघत राहिला. “चांगलं झालं. फक्त... मला वाटलं होतं अजून दोन-चार क्रूस तरी बघावे लागतील.”

मग तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. तिच्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापून येणार होती, तिचा मसुदा तयार होता. तळाशी आभाराच्या ओळी होत्या. सुधाकर सरांचे आभार, पाचूबंदरच्या ग्रामस्थांचे आभार, आणि तिसऱ्या ओळीत त्याचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. तिथं ती अडली होती. उरलेलं वाक्य कसं लिहावं ते जमत नव्हतं. तेवढं तूच सांग, म्हणाली.

त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला.

“माझं नाव काढ.”

“का?” तिचा आवाज एकदम उतरला. “तुझ्याशिवाय झालंच नसतं, ज्युड.”

“असेल. तरी काढ.” तो आता तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “आमच्याकडे घरच्या माणसांचे आभार मानत नाहीत.”

आत कालवणाला फोडणी पडल्याचा आवाज आला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मान एका बाजूला झुकवून तिने आभाराची ती तिसरी ओळ निवडली, एकेक अक्षर सावकाश पुसलं, आणि त्याचा हात हातात घेतला.